मशीन चालू, तोंड बंद

मी डावखुरा. भिवंडीत लूम चालवताना त्याचं कुणाला काही वाटलं नाही, डॉक्टरांना मात्र वाटलं. मला फिट येतात त्या मेंदूच्या उजव्या बाजूने आणि ती जागा काढून टाकता येते, इथवर ठीक. पण डावखुऱ्याची भाषा कधीकधी उजवीकडेच असते म्हणे. तसं निघालं तर ती जागा कापताना बोलणंच जायचं, म्हणून ऑपरेशन नाही. मग लूमही नाही, कारण दोनदा मी चालत्या मशीनशेजारी पडलो होतो आणि शेठने मला बाजूला सुताच्या कांड्या भरायला बसवलं होतं. वीस वर्षं लूमवर काढलेला कारागीर मी. फार राग यायचा.

म्हणून मुंबईच्या इस्पितळात ही परीक्षा. नळीतून औषध सोडून उजवा मेंदू काही मिनिटं झोपवायचा आणि चित्रं दाखवायची. मी बोललो तर पास.

"जलमभर घुमं र्‍हायलाव, आज तरी बोला," बायको दारात म्हणाली.

औषध गेलं, डावा हात लुळा पडला. डोक्याशी मशीन घरघरत होतं. तपासणाऱ्या बाईंनी कात्रीचं चित्र धरलं. मी लगेच उत्तर दिलं. मग केळं, मग कप. एकही चुकलो नाही, तरी बाईंचा चेहरा उतरत गेला.

"बोलणं थांबलंय," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझं लक्ष चादरीखाली गेलं. उत्तरं माझा उजवा हात देत होता, आधी दोन बोटांची कात्री, आता कप धरल्यासारखी मूठ. कारखान्यात लूमच्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू येत नाही, सगळं हातानेच सांगायचं. दोन बोटं हलवली की कात्री, अंगठा ओठाकडे नेला की पाणी. मशीन चालू की तोंड बंद, ही वीस वर्षांची सवय.

मी लूमच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा ओरडलो, कात्री, केळं, कप. बाई दचकल्या आणि हसल्या. पुढच्या सगळ्या चित्रांची नावं मी त्याच आवाजात सांगितली. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोलाही ती ऐकू गेली.

ऑपरेशननंतर डोळे उघडले तेव्हा उशाशी पुन्हा एक मशीन वाजत होतं. घसा कोरडा होता. माझा अंगठा ओठाकडे निघाला. बायकोने तो हात धरून खाली दाबला.

"हातानं न्हाय. तोंडानं मागा."

शब्द यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात तिचा चेहरा दिसला. इतकं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"पाणी," मी म्हणालो. मग तिचं नाव घेतलं. ते कितीतरी वर्षांनी घेत होतो.