जेद्दा ते मक्का, सहा सीट

माझे अब्बा वसई स्टेशन ते भुईगाव अशी शेअर रिक्षा चालवायचे. नायगावच्या आमच्या टॉवरमध्ये कुणी माहेरची चौकशी केली की हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. मागाहून सांगितलं की लोकांना वाटतं, इतका वेळ लपवत होती. मी विमा कंपनीत नोकरी करते, दारात गाडी आहे, पण स्टँडवरून जाताना रिक्षांच्या रांगेकडे माझी मान अजून वळतेच.

अब्बांचा एकच नियम होता. माणूस उभा असताना सीट रिकामी न्यायची नाही. घाई असलेला एखादा प्रवासी म्हणायचा, "काका, चला की, आता कोण येतंय?" अब्बा रस्त्याकडे बोट दाखवत. तिथून सांडोरची कुणीतरी बाई केळीची पाटी सावरत येत असायची. तिला घेतल्याशिवाय रिक्षा हलायची नाही. भुईगावला पोचलं की मान मागे वळवून ठरलेल्या सुरात म्हणायचे, "भुईगाव, लास्ट स्टॉप, आरामात उतरा." मागे एकटाच प्रवासी असला तरी सूर तोच.

अम्मी दुपारी डबा घेऊन स्टँडवर जायची. अब्बा जेवत असताना रिक्षा भरायचं काम तिचं. "भुईगाव, भुईगाव!" अशी हाक द्यायची की पलीकडच्या भाजीवाल्या वळून बघत. हवालदार आला की ओरडायची बंदी, म्हणून मग बोटांचा कारभार. तीन बोटं म्हणजे तीन सीट बाकी, दोन म्हणजे दोन. एकच बोट वर गेलं की समजायचं, आता निघालोच, पळा. त्या एका बोटासाठी चर्चमधून परतणाऱ्या म्हाताऱ्या बायाही लुगडं सावरत धावायच्या. मी लहानपणी हे सगळं बघून मोठी झाले आणि त्यातलं मला काही येत नाही. मला फक्त भांडता येतं.

अब्बांना जाऊन काही वर्षं झाली. मग अम्मीने उमऱ्याचं, म्हणजे मक्केच्या यात्रेचं, मनावर घेतलं आणि आम्ही दोघींनीच जायचं ठरलं. अडचण तिच्या गुडघ्यांची होती. डॉक्टर म्हणाले होते, चाला, पण जपून, फार ताणू नका. उमऱ्यात चालणंच तर असतं. काबागृहाभोवती सात फेऱ्यांचा तवाफ, मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या, जाणं ही एक आणि येणं ही दुसरी, म्हणजे सई. व्हीलचेअर मिळते, त्यात बसून केलेला उमराही पुरता होतो. हे मी तिला दहादा सांगितलं.

"व्हतो ना, कोन नाय म्हनतं?" ती म्हणाली. "विमानात बसेन मी खुर्चीवर, विमानतळावर बसेन. पन त्याच्या घरी मी माझ्या पायांनी फिरनार."

बस्स. त्या दिवसापासून माझं एकच काम. अम्मीच्या गुडघ्यांत जे काही चालणं शिल्लक होतं, त्यातलं जराही दुसरीकडे खर्च होऊ द्यायचं नाही. घर ते विमानतळ सोपं होतं. प्रश्न जेद्दाचा. तिथे उतरून मक्केला कसं पोचायचं, यावर मी महिनाभर डोकं लावलं. बस स्वस्त, पण पायऱ्या उंच आणि टर्मिनलमधून बसपर्यंत बरीच पायपीट. टॅक्सी दारातून दारात नेते, पण भावावरून माझं भांडण ठरलेलं. बाहेर घोटाळणारे "मक्का, मक्का" करणारे बिनपरवान्याचे लोक तर नकोच. उरली रेल्वे. विमानतळाच्या पोटातूनच सुटते, डबा फलाटाला चिकटून, आत गेलं की बसलं. मक्केच्या स्टेशनवरून हरमपर्यंत, म्हणजे काबागृहाच्या मशिदीपर्यंत, पुन्हा गाडी करावी लागते, तेवढं चालेल. मी तिकिटं काढली आणि स्वतःवरच खूश झाले.

निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची असते. बोलण्यात-वागण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं सांगून मगच जायचं. मोहल्ला झाला, नातेवाईक झाले, आणि अम्मी म्हणाली, स्टँडवर ने. रांगेतल्या प्रत्येक रिक्षावाल्याची तिने माफी मागितली. तेवढ्यात भुईगावची एक जुनी प्रवासी भेटली. ती वेलंकनीला मेरीमातेच्या यात्रेला जाऊन आलेली. तिने दुसऱ्या दिवशी गुडघ्याला घालायचा पट्टा आणून दिला. "मी हाच घालून चाललेले. भाबी, तिथं आमच्यासाठी पन माग." अम्मीने तो पट्टा डोळ्यांना लावला आणि लगेच गुडघ्यावर चढवून बघितला.

विमानातच आम्ही इहराममध्ये आलो. म्हणजे उमऱ्याची नियत केली, आणि त्याबरोबर सगळी पथ्यं लागू झाली. अत्तर नाही, केस कापायचे नाहीत, आणि भांडायचं तर अजिबातच नाही. हे शेवटचं पथ्य अम्मीने मला तीन वेळा सांगितलं. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईलाही सांगितलं की ही माझी मुलगी, हिच्यासाठी दुआ करा.

विमान उशिरा पोचलं. पासपोर्टच्या रांगेत आणखी वेळ गेला. विमान कंपनीचा माणूस अम्मीची व्हीलचेअर ढकलत होता आणि मी पुढे पळत होते, पण रेल्वे निघून गेलेली. पुढची सीट थेट संध्याकाळच्या गाडीला. खिडकीतल्या माणसाला मी जे बोलणार होते ते सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. मागून अम्मीने हलकेच खाकरलं. मी "शुक्रन" म्हणून आभार मानले आणि वळले. माझ्या आयुष्यातला हा एक मोठा पराक्रम आहे, आणि त्याला साक्षीदार फक्त अम्मी.

टॅक्सीच्या रांगेशी पोचलो तेव्हा खुर्चीवाला खुर्ची घेऊन परत गेला. अम्मी आमच्या बॅगेवर बसली. बाहेर ऊन असं की डोळे उघडवेनात. आमचा नंबर आला आणि समोर उभी राहिली भलीमोठी व्हॅन. ड्रायव्हर सोडून सहा सीट. लहान गाडी नाही का, मी विचारलं. ड्रायव्हर उर्दू बोलणारा निघाला. म्हणाला, सध्या हीच आहे, बसा, पूरी गाडी आपकी.

मी सामान चढवलं, दार धरलं, आणि बघते तर अम्मी बॅगेवर नव्हती.

ती रांगेच्या मागच्या बाजूला निघाली होती. तिथे फार मागे एक इंडोनेशियन म्हातारी सामानाला टेकून जमिनीवरच बसली होती, तिचा नवरा तिला पुठ्ठ्याने वारा घालत होता. अम्मी एकेक पाऊल टाकत त्यांच्याकडे जात होती. प्रत्येक पाऊल मी मनात वजा करत होते. मी धावत जाऊन तिला गाठलं.

"अम्मी, तवाफचं चालनं इथंच संपवनार का तू?" घाईत माझ्याही तोंडून माहेरची बोली निघाली.

"मानसं उभी हायेत, आनि आपन चार सीटा रिकाम्या न्यायच्या?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुझ्या बापाला काय सांगू?"

आणि मग तिने ते केलं. कमरेवर हात ठेवला, मान वर केली आणि जेद्दाच्या विमानतळावर वसई स्टेशनबाहेरची हाक दिली. "मक्का, मक्का! चार सीट! चलो, मक्का!"

अख्खी रांग वळली. कुठूनतरी गणवेशातला एक अधिकारी झपाझप आला. त्याला वाटलं, ही बिनपरवान्याच्या गाडीसाठी गिऱ्हाईकं गोळा करणारी बाई आहे. तो इंग्रजीत विचारू लागला, कुठली कंपनी, कार्ड कुठे आहे, इथे असं ओरडायला बंदी आहे. सत्तरीच्या माझ्या आईला तो दलाल समजत होता! माझं डोकं असं फिरलं की इहराम, उमरा, सगळं त्या उन्हात वितळायच्या बेताला आलं. अम्मीने माझं मनगट घट्ट दाबलं. मी शब्द गिळले आणि शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं की ही माझी आई, आम्ही प्रवासी आहोत, आमच्या गाडीत जागा आहे म्हणून वयस्कर माणसांना बोलावते आहे. तो काही पटल्यासारखा दिसेना. "नो शाउटिंग," म्हणाला.

"ओरडायचं नाय म्हनतोय," मी अम्मीला सांगितलं.

"बरं," अम्मी म्हणाली, आणि तिने चार बोटं वर केली.

हवालदार आल्यावर जशी करायची, अगदी तशी. चेहरा शांत, हात खांद्याच्या वर, चार बोटं. इंडोनेशियन म्हातारी बघत होती. मग तिला कळलं. तिने स्वतःकडे आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं वर केली. अम्मीने मान हलवली आणि हाताची दोन बोटं मिटून दोनच ठेवली. मागून केरळच्या दोघी बहिणी हसत हसत पुढे आल्या. अम्मीचा हात खाली आला. अधिकारी आमच्याकडे बघत राहिला, मग त्याने स्वतःच म्हातारीची बॅग उचलली आणि व्हॅनपाशी आणून ठेवली.

कोण कुठे बसणार तेही अम्मीनेच ठरवलं. आजोबा पुढे, कारण त्यांचे पाय लांब. ज्या बहिणीला गाडी लागते ती खिडकीशी. ड्रायव्हर आरशातून बघत होता. म्हणाला, अम्माजी, ये काम पहले भी किया है क्या? अम्मी म्हणाली, "मेरा आदमी ड्रायव्हर था." ते ऐकून त्याने गाडी लगेच सुरू केली नाही. आधी वळून तिला सलाम केला. मग उजाड तपकिरी डोंगरांमधून रस्ता लागला आणि अम्मीने लब्बैक, यात्रेकरूंचा घोष, सुरू केलं. सहाही जणांनी धरलं, सातवा ड्रायव्हर. चार भाषांचे उच्चार आणि शब्द एकच. मला वाटलं, रेल्वे चुकली ते बरंच झालं. हे मी अम्मीला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर पुढची सगळी तिकिटं ती काढायला बसेल.

हॉटेलं जवळजवळच निघाली. थोडं पडून, तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाल्यावर इंडोनेशियन जोडपं आणि आम्ही एकत्रच हरममध्ये गेलो. काबागृह पहिल्यांदा दिसलं तेव्हा अम्मीचे ओठ हलत होते, डोळे वाहत होते. तवाफच्या सातही फेऱ्या तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून पूर्ण केल्या. मी दर फेरीला विचारत होते, बसतेस का? ती नुसता हात दाबायची.

सई अवघड गेली. चौथ्या फेरीपासून तिचा पाय ओढला जाऊ लागला. पाचवीत ती दर थोड्या वेळाने थांबायची. सहावी संपवून सफेशी पोचलो आणि ती एका कडेला खालीच बसली. भुईगावचा पट्टा सैल करून तिने गुडघा धरला. चेहरा पांढराफटक. समोरून व्हीलचेअरवाले जात होते, एकाने तर थांबून विचारलंही. विमानतळावरची ती पावलं माझ्या डोळ्यांसमोर आली. तिथे खर्च केली नसती तर आता पुरली असती, असं वाटून मला रडू फुटायला आलं. मी खुर्चीवाल्याला थांब म्हणून हात केला.

अम्मी खुर्चीकडे बघत होती. नाही म्हणाली नाही. तिने नाही म्हटलं नाही, त्यानेच मी घाबरले.

तेवढ्यात इंडोनेशियन म्हातारी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तीही लंगडतच होती. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. तिने हात खांद्याच्या वर नेला आणि एकच बोट दाखवलं.

अम्मी त्या बोटाकडे बघत राहिली. मग हसायला लागली. असं हसली की गुडघ्यावरचा हात सुटला. "एक राहिली," मला म्हणाली, "बघ, एकच राहिली. उठव मला."

मी खुर्चीवाल्याला मानेनेच नको म्हटलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ती म्हातारी, पुढे तिचा नवरा वाट करत, अशी आमची सातवी फेरी निघाली. मधे अम्मी थांबली, तेव्हा आम्ही सगळे थांबलो. कुणी घाई केली नाही. मी तिच्याकडे चोरून बघत होते आणि माझी छाती अभिमानाने इतकी भरून आली होती की दुआही धड आठवेना. ही माझी आई, एवढंच मनात चाललं होतं.

मरवा आली. चढावर शेवटची काही पावलं, आणि अम्मीने भिंतीला हात टेकला. श्वास परत यायला वेळ लागला. मग तिने मान मागे वळवली, आमच्या तिघांकडे बघितलं, आणि त्याच सुरात, अगदी अब्बांच्या सुरात म्हणाली, "भुईगाव, लास्ट स्टॉप, आरामात उतरा."

मी तिथेच तिच्या गळ्यात पडून रडले. म्हातारीला वाटलं, अम्मी दुआ मागते आहे. तिने दोन्ही हात पसरले आणि डोळे मिटून म्हणाली, "आमीन."

अम्मीनेही हात पसरले. "आमीन," ती म्हणाली, आणि मग मीही.