पांढऱ्या बॉनेटवरचा अंगठा

मी सूड घेतला, आणि तो माझ्या वडिलांच्या हातून घेतला. त्यांना हे अजून माहीत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून ते पेपरचे फक्त मथळे बघतात, बारीक अक्षर वाचत नाहीत. म्हणूनच हे लिहायचं धाडस होतंय.

मी शिरूरला राहतो आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पेंट शॉपला क्वालिटीत आहे. पत्र्यावरचा रंग बघणं हेच माझं काम. कुठे तो फुगला, कुठे ओघळला, कुठला डाग पुसून जाईल आणि कुठला मुरेल, हे बघायचं. घरी मात्र मी खेळण्यातल्या मोटारी जमवतो. जस्ताच्या ओतीव, तळहातावर मावणाऱ्या, आणि त्याही फक्त एकाच अमेरिकन कंपनीच्या, जिने इम्पाला काढली त्या. साठ-पासष्ट आहेत. प्रत्येक गाडी पारदर्शक डबीत. बायको म्हणते, "पन्नाशी आली, आता तरी मोठी गाडी घ्या." दारात एक जुनी छोटी कार आहे, तिला ती गाडी धरत नाही.

या नादाचं मूळ माझे वडील. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते, मीही. तरुणपणी ते वरवंडकडच्या एका बागायतदाराकडे ड्रायव्हर होते. मालकाने कुठूनशी जुनी इम्पाला आणली होती, पांढरीशुभ्र. मागे पंखासारखा पसरलेला पत्रा आणि त्याखाली दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल लाल दिवे. आबांनी ती नऊ वर्षं चालवली. मागच्या सीटवर ते एकदाही बसले नाहीत. "धुताना गुडघा टेकलाय तेवढाच," असं ते सांगतात. पण दसऱ्याला तिची पूजा मालक करत नसे, आबा करायचे. तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने बॉनेटवर ओढायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि मग मालकासाठी मागचं दार उघडून उभे राहायचे. ते हे सांगतात तेव्हा त्यांचा हात अजूनही हवेत दार उघडतो.

माझ्या साठ-पासष्टांत ती पांढरी नव्हती. निळी होती, लाल होती, पोलिसाची होती. तीन-तीन दिव्यांची पांढरी नव्हती.

छंदातला माझा एकच जवळचा मित्र दौंडचा. रेल्वेत नोकरीला, माझ्याच वयाचा. तो मला शिरूरकर म्हणतो, मी त्याला दौंडकर. आमचा चाळीसेक जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पण आबांची आणि मालकाच्या मागच्या दाराची गोष्ट मी फक्त त्याला सांगितली होती, केडगाव स्टेशनच्या बाकावर, गाडीची वाट बघताना.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात दौंडच्या स्टेशनजवळच्या एका जुन्या खेळण्यांच्या दुकानदाराचा फोन आला. दुकान बंद करत होता. माळा साफ करताना त्याला एक खोका सापडला होता. त्याने फोटो पाठवला. पांढरी. मागे तीन-तीन दिवे. दिव्यांच्या जागी लाल काचेचे मोहरीएवढे खडे. मला ड्यूटी सोडून निघता येईना. दौंडकर तर स्टेशनवरच. त्याला फोन केला.

"माझ्यासाठी उचलून ठेव. आबांच्या हातात द्यायची आहे."

"काळजी करू नको. गेलोच मी."

तो गेला. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. गाडी त्याच्या काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर, खाली निळी मखमल. मी लगेच फोन लावला.

"अरे, ती माझी ना?"

तो म्हणाला, "हातात घेतली आन् सुटंना रे. तुला दुसरी बघून देतो. शंभर टक्के."

"दुसरी नसते हे तुलाही माहीत आहे."

"मग ही बघायला ये की. माझं घर काय लांब हाय?"

इथवर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ही तर शिरूरकर कधीपासून शोधत होते. त्यावर दौंडकरने हसऱ्या चेहऱ्यासकट लिहिलं, "ड्रायव्हरच्या घरी गाडी नसते, फक्त किल्ली असते."

चाळीसातल्या अकरा जणांनी त्याला हसणारे चेहरे लावले. ते कोण, हे मला अजून तोंडपाठ आहे.

पुढचे चार महिने मी त्याच्याशी नीट बोललो. वाईट वाटलं नाही असं म्हणालो, एकदा तर त्याच्या विनोदावर हसलोही. आणि कामावर, रंगाच्या तपासणीच्या पिवळ्या दिव्याखाली उभा राहून, रोज विचार केला. गाडी चोरायची नव्हती, फोडायची नव्हती. ती त्याच्या मधल्या फळीवरच राहावी, पण बघताना त्याचा घास अडावा असं काहीतरी हवं होतं. आणि त्याने कुणाकडे तक्रार केली तर लोकांनी त्यालाच नावं ठेवावीत असं.

ते मला आबांनीच दिलं, नकळत. घट बसले होते. आबा म्हणाले, "दसरा आला. औंदा तुझ्या डब्यांना गंध लावायचं का?" दरवर्षी ते माझ्या गाड्यांची पूजा करतात. मी डब्या उघडत नाही. कुंकू डबीच्या झाकणावर लागतं, गाडीवर नाही. मी रंगातला माणूस, तेलातलं कुंकू रंगाचं काय करतं हे मला माहीत आहे.

त्या आठवड्यात मी चाकं निखळलेली एक भंगार पांढरी गाडी काढली आणि तिच्यावर कुंकवाचे तीन ठिपके दिले. कोरडं, पाण्यातलं आणि तेलातलं. दोन तास ठेवलं, पुसलं. कोरडं गेलं. पाण्यातलं फिकट राहिलं. तेलातलं मुरलं. स्पिरिटने गेलं नाही, पॉलिशची पेस्ट घासूनही गेलं नाही. जुना रंग सच्छिद्र असतो, तेल आत ओढतो. कारखान्यात प्रत्येक नमुन्याला पट्टी लावायची सवय, तशी मी तिच्या पोटाला कागदी टेप चिकटवली आणि बारीक अक्षरात लिहिलं, "१ कोरडे – निघाले. २ पाणी – फिकट. ३ तेल, २ तास – निघत नाही." आणि ती हत्यारांच्या पेटीत टाकली.

मग दौंडकरला फोन केला.

"दसऱ्याला आबांना घेऊन येऊ का? त्यांना एकदा पूजा करू दे तिची."

त्याचा आवाज एकदम ओला झाला. "अरे, विचारतोस काय? आण आबांना. मलाच किती दिवस वाटत होतं."

म्हणजे त्याचं मन त्याला खात होतं. हे मला तेव्हाच कळलं. मी तिथे थांबू शकलो असतो. मला उलट बरं वाटलं, की दार आतून उघडलं जातंय.

दसऱ्याला सकाळी न्हावऱ्याच्या रस्त्याने दौंडला निघालो. आबांनी पांढरं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती. स्टीलची छोटी डबी त्यांच्या मांडीवर. कुंकू मी घरूनच कालवून घेतलं होतं, गोडं तेल जरा सढळ हाताने.

दौंडकरच्या बायकोने ताट तयार ठेवलं होतं. झेंडूची फुलं, अक्षता, लिंबू. त्याने कपाट उघडलं आणि गाडी आबांपुढे पाटावर ठेवली. आबा वाकले. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग नखाने मागचे दिवे मोजले.

"तीन आन् तीन. व्हय, हीच." मग मला म्हणाले, "पर हिचं मागलं दार उघडत न्हाई."

"नाही आबा, या मापात नाही उघडत."

"बरं झालं," आबा म्हणाले, आणि हसले.

त्यांनी डबीत अंगठा बुडवला. दौंडकर पुढे सरकला. "आबा, टायरला लावा ना. बॉनेटला नको, जुना रंग हाय."

"टायरला लिंबू, लेका. गंध कपाळाला. बॉनेट म्हंजी गाडीचं कपाळ."

दौंडकरने माझ्याकडे पाहिलं. मी फुलांकडे पाहिलं. ऐंशी वर्षांच्या माणसाचा हात पूजेत कोण धरणार? आबांनी अंगठा टेकवला. गाडीचं बॉनेट अंगठ्याएवढंच.

दौंडकर लगेच कापूस आणायला उठला, तसं मी म्हणालो, "आजचा दिवस राहू दे. दसऱ्याचं गंध पुसतात का?" त्याच्या बायकोनेही मान हलवली. त्यानंतर आम्ही जेवलो. श्रीखंड होतं. मी तीनदा घेतलं. निघताना त्याने मला आपट्याचं पान दिलं आणि "सोन्यासारखा राहा" म्हणाला, आणि मी ते खिशात घातलं.

चार दिवसांनी फोन आला. "शिरूरकर, डाग जाईना रे. तू रंगातला माणूस, काय लावू?"

"स्पिरिट लाव," मी म्हणालो. "हलक्या हाताने." 

त्या दिवशी मी कामावरून गाणं गुणगुणत घरी आलो. हे लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं, मी पेस्ट सांगितली. न चालणारा एकेक उपाय मी त्याला क्रमाने पुरवत होतो.

दिवाळीत तो फराळ घेऊन शिरूरला आला. आबा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "आमची गाडी कशी हाय?"

"झक्कास हाय, आबा. तुमचं गंध अजून तसंच हाय तिच्यावर."

"तसंच? पुसलं न्हाई?"

"पुसतो व्हय? तुमच्या अंगठ्याच्या रेघा दिसत्यात त्यात. भिंग लावून बघितलं मी. समद्या रेघा."

आबांनी अंगठा वर धरून स्वतःच बघितला, मग धोतराला पुसला. माझ्या हातातली चकली तशीच राहिली. साठ-पासष्ट गाड्या माझ्या, आणि आबांचा अंगठा ज्या एकीवर उमटला ती त्याच्या कपाटात. तो अंगठा मीच तिथे उमटवून घेतला होता.

नंतर तो माझं कपाट बघायला आत आला. डब्यांच्या झाकणांवर गेल्या दसऱ्याचे लाल ठिपके होते. त्याने एक डबी उचलली, झाकण बघितलं, आतली गाडी बघितली, ठेवली. दुसरी उचलली.

"तुझ्याकडं झाकणावर लावत्यात," तो म्हणाला.

"सवय."

"हं." मग म्हणाला, "एक स्क्रू ढिला हाय माझ्या एका गाडीचा, बारका पेचकस दे." मी पटकन पेटी पुढे केली. काय आहे आत, हे डोक्यातून गेलंच होतं. त्याने भंगार पांढरी गाडी बाहेर काढली. तीन जागा बघितल्या. उलटी केली. चष्मा कपाळावर चढवून माझं अक्षर वाचलं, पुन्हा वाचलं.

"दोन तास," तो म्हणाला. "म्हणून श्रीखंड तीनदा घेतलंस."

मी म्हणालो, "तू ग्रुपवर काय लिहिलं होतंस, आठवतं?"

"आठवतं. त्याचंच मला खात होतं. दसऱ्याला आबा निघताना गाडी त्यांच्या हातात द्यायची असं ठरवून बसलो होतो. बायकोला सांगितलं पण होतं. मग डाग पडला. डाग पडलेली चीज आबांना कशी देऊ? म्हटलं, आधी साफ करू." त्याने भंगार गाडी बंडीच्या खिशात टाकली. "तुझं औषध लावत बसलो."

"मग आता दे," माझ्या तोंडून गेलं. "डागासकट दे. मला तीच हवी."

"आता न्हाई. आता ती आबांची हाय, आन् राहणार माझ्याकडं."

त्याने आबांना सांगितलं नाही. ग्रुपवरही नाही. मी अजून रोज ग्रुप उघडून बघतो, आणि काही नसलं की मला सुटल्यासारखं वाटत नाही, उलट त्याचा राग येतो. त्याने सांगितलं असतं तर फिटलं असतं. त्याच्या कपाटात आता मधल्या फळीवर दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी आहेत. एक उभी, आणि एक उलटी ठेवलेली, पोटावरचं अक्षर वर. पाहुण्यांना वाटतं, ती पडलीय. कुणी सरळ करायला गेलं तर तो म्हणतो, "असू द्या तशीच."

यंदाच्या दसऱ्याला आबा सकाळीच टोपी घालून तयार. "चल, गाडीची पूजा करायचीय." मी गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला घातली. दौंडकरच्या दारात पोहोचलो. तो आबांच्या पाया पडला, त्यांना धरून पायरी चढवली. मग माझ्याकडे वळला.

"कुंकू आणलंस ना, शिरूरकर? तेलातलं?"

मी खिशातून डबी काढून दिली.