‘येते’ला फिनिशमध्ये काय म्हणतात

कोथरूडात जर्मनचे क्लास गल्लोगल्ली आहेत. फिनिशचा एकही नाही. मला ती भाषा शिकवली विहीणबाईंनी, दर रविवारी दुपारी, व्हिडिओ कॉलवर. लेक लग्न करून फिनलंडला राहिली. पहिलं वर्षभर तिने आम्हा दोघींत दुभाष्याचं काम केलं, मग कंटाळली. “तुमचं तुम्ही बघा,” म्हणाली.

मग भाजी निवडता निवडता शिकले. मी कांदा दाखवायचा, त्यांनी “सिपुली” म्हणायचं. मी बटाटा, त्यांनी “पेरुना”. चुकलं तर हसायच्या नाहीत, पुन्हा सांगायच्या. एवढा धीर माझ्या शाळेतल्या एकाही बाईंकडे नव्हता. मधूनच श्वास आत ओढून “यो” म्हणायच्या. मला वाटे, दम लागला. तो त्यांचा होकार निघाला.

लेकीला दिवस गेले आणि माझा जीव तिकडे लागला. पण तिने ‘ये’ म्हटलं नाही, आणि ‘येऊ का’ विचारायला मी धजेना. उगाच तिच्या संसारात आपली अडचण कशाला!

सातव्या महिन्यात तिचा फोन आला. “आई, तू येणारेस? सासूबाईंनी तुझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. म्हणतात, तू दर रविवारी सांगतेस!”

मी कधी सांगितलं? मग डोक्यात उजेड पडला. निरोप घेताना ‘जाते’ कसं म्हणायचं? आपण ‘येते’ म्हणतो. म्हणून मी शब्द जुळवून दर वेळी “तुलेन” म्हणत होते. त्यांच्याकडे तुलेन म्हणजे येते. म्हणजे येतेच.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच विहीणबाईंना फोन लावला, मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये समजावलं: आमच्याकडे निघताना तसं म्हणायची रीत आहे, खरंच येणार असं नाही. खोली रंगवून बसलेल्या बाईला आपण हे काय ऐकवलं, म्हणून मला रडू यायला लागलं.

मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं, “तुला यायचं नाहीये का?” त्यांच्यात विहिणीलाही तूच म्हणतात.

इतक्या महिन्यांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या बाईंचे उपकार मी कसे फेडू! पोटच्या लेकीला मराठीत जे सांगता आलं नाही, ते मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं.

“हालुआन,” म्हटलं. यायचंय.