हरीच्या बोटांचे आकडे

…तर हरीच्या हातातला चहा बशीत सांडला आणि या दुखण्याला पार्किन्सन म्हणतात हे कळलं, इथवर काल सांगून झालं. आता मोबाइलचं ऐका.

हरी आणि मी परदेशीपुऱ्यातल्या गिरणीत तीस वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर. तुटलेला धागा तो असा जोडायचा की गाठ दिसायचीच नाही, फक्त बोटं हलली एवढं कळायचं. मी मानपूरच्या शाळेत सातवीपर्यंत पहिला नंबर सोडला नाही. पण गिरणीत मुकादमाची शाबासकी कायम हरीला. मी जळायचो, उगाच कशाला लपवू.

म्हातारपणी पुन्हा तेच. त्याच्या सुनेनं, पूर्वानं, मोबाइलमध्ये काहीतरी बसवलं. दिवसातून चार वेळा घंटी वाजते. पडद्यावर दोन गोळे येतात, त्यांवर अर्धा मिनिट आळीपाळीनं टिचक्या मारायच्या. मग मोबाइल खिशात ठेवून वीस पावलं चालायचं. बोटं किती हलली, चाल कुठे अडखळली, सगळं विजय नगरच्या डॉक्टर मॅडमना दिसतं. घंटी वाजली की पूर्वा गॅस बारीक करून येते, नात अभ्यास सोडून येते. "बाबा, आरामात हां." मला घरी दिवसातून एकदा विचारतात, तेही दूध आणलं का म्हणून.

एका सकाळी मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो, हरी संडासात. त्याला हल्ली वेळ लागतो. मोबाइल माझ्याजवळ, आणि घंटी वाजली. आता आमच्या गिरणीत एक रिवाज होता. जोडीदार बाहेर गेला की त्याची मशीन उभी राहू द्यायची नाही. त्याचे धागे आपण जोडायचे, काम त्याच्या नावावर, आणि परत आल्यावर तो काही विचारत नाही. मी टिचक्या मारल्या. एकशे अठरा. सकाळच्या गोळीआधी हरी साठच्या वर जात नसे. वीस पावलंही चाललो, छाती काढून. रिवाज हे निमित्त झालं. मला त्याला एकदा हरवायचं होतं.

हरी बाहेर आला. "घंटी?"

"झाली."

त्यानं मान हलवली. विषय संपला.

बारा दिवस हेच चाललं. संध्याकाळी पूर्वा आकडे बघून म्हणायची, "काका, बघितलं? बाबांची सकाळ किती सुधरली." बोटं माझी, कौतुक परत त्याचंच. मी अजून जळायचो आणि दुसऱ्या सकाळी अजून जोरात टिचक्या मारायचो.

मग महिन्याची तपासणी आली. हरी-पूर्वासोबत मीही गाडीत बसलो, कारण हरी माझ्याशिवाय जाऊन मॅडमशी गप्पा मारणार हे मी कसं सोसावं. मॅडमनी मोबाइलमधली रेघ पाहिली. सकाळची रेघ एकदम वर चढलेली. "गोळीनं चक्कर येते म्हणता ना? सकाळ तर बिना गोळीची इतकी छान आहे. दुपारची गोळी बंद करून बघू."

हरीनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. त्या दुपारच्या गोळीवर त्याची संध्याकाळ चालते. ती घेतली की तो आपल्या हातानं जेवतो. राहिली तर पूर्वाला भरवावं लागतं, आणि तेव्हा तो दाराकडे पाठ करून बसतो. तरी तो बोलेना. मुकादमाला जोडीदाराचं नाव सांगायचं नाही, हाही रिवाजच.

मॅडम लिहू लागल्या. 

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "सकाळचे आकडे हरीचे नाहीत. माझे आहेत."

"काका, का पण?" पूर्वा म्हणाली.

"जळलो, पोरी. तीस वर्षांची सवय, सुटत नाही."

मॅडमनी ते बारा दिवस खोडले, गोळी तशीच ठेवली. मला हरीकडे बघवेना. तोच बोलला, सावकाश, एकेक शब्द जुळवत:

"मॅडम, याला रागावू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाला, " पण धडधाकट माणूस आणि नुसते एकशे अठरा? यात काय आहे, भिया? गिरणीतपण तू माझे धागे जोडून ठेवायचास. तुझ्या गाठी सुटायच्या, मी येऊन परत बांधायचो. तीस वर्षं बोललो नाही. कृष्णा, उद्या आठला ये. घंटी वाजली की मला हाक मार. टिचक्या मी मारीन, तू बघत बस."