वरवंट्याच्या कानात

आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी बाळ नव्हे, वरवंटा निजवतात. त्याला टोपडं घालायचं, काजळाचं बोट लावायचं, बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून तो एकमेकींना द्यायचा; मग बाळाची पाळी. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि पाठीत बायकांचे बुक्के खायचे. हे बुक्के मी दोनदा खाल्ले. दोन्ही वेळा भावाचं लेकरू नाव मिळाल्यावर महिनाभरही टिकलं नाही. लोकांच्या जिभेला हाड नसतं. पण मलाही माझ्याच तोंडाची भीती वाटू लागली.

भावाला तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा मी शिरूरला, माहेरी जायचं टाळत होते. आईचा फोन आला, "ये तू. नाव वरवंट्याला सांग. नेणाऱ्याला न्यायचंच आसंल तर दगड नेऊ दे."

मला हसू आलं. तरी गेले. बारशाला पाळण्यावर वाकले, तर दगडाचा कान कुठला ते कळेना. वहिनीने बोट ठेवून दाखवलं. दगड कोमट लागला. उन्हात ठेवला असेल, अशी मी माझी समजूत घातली.

मुलगी जगली. ते नाव उच्चारायचं नाही, तिला नुसतं 'बाई' म्हणायचं असं ठरलं. ऊसतोडीला, फडावरच्या पाचटाच्या कोपीत राहायला जाताना वहिनी दरवर्षी तो वरवंटा फडक्यात बांधून ट्रॅक्टरमध्ये मांडीवर घेऊन बसायची. "कोपीवर चटणी वाटाया लागतो," म्हणायची. पाटा मात्र घरीच असायचा. मग ती वाटते कशावर, हे आम्हा शहाण्यांपैकी कुणी विचारलं नाही.

यंदा बाई शाळेत जायची झाली. आई म्हणाली, आता धोका टळला, दगडाकडचं नाव पोरीला देऊन टाक. मी फडकं सोडलं. वरवंट्याला ताजं तेल लावलेलं होतं. डोक्यावर लोकरीची कानटोपी होती, बाईच्याच मापाची, दगडावरून घसरणारी. खाली आधीची टोपडी घडी करून ठेवलेली, एकापेक्षा एक मोठी.

वहिनीने तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "वन्सं, थोरलीचं नाव धाकटीला कावून देता? हिला दुसरं द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. मी बाईच्या कानात दुसरंच नाव सांगितलं. गुदगुल्या झाल्या म्हणून ती हसली. या वेळी माझ्या पाठीत कुणी बुक्का घातला नाही.

"जेवाया या गं दोघी," चुलीजवळून वहिनीची हाक आली. मी बाईचा हात धरून गेले. दोन छोट्या ताटल्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, दोन्हींत दूध-भाकरी कुस्करलेली. माझं ताट वेगळं होतं. बाईने बसता बसता एक ताटली भिंतीशी टेकवलेल्या कानटोपीसमोर सरकवली, रोजच्या सवयीने.

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण मी ठेवलेल्या नावांपैकी इतकी वर्षं टिकलेलं तेवढंच होतं. मी माझं ताट घेऊन थोरलीच्या शेजारी बसले, आणि नावाने हाक मारून म्हटलं, "जेव गं."