मोठीची इस्त्री

माझी थोरली जाऊ इस्त्री माणसांवरून ओळखायची आणि माणसं इस्त्रीवरून, आणि दोन्हीत ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही. घरात ती मोठी आणि मी लहानी. आमच्या सासऱ्यांनी सुना आणल्या त्या दिवसापासून ही नावं पडली, आणि पुढे आम्हालाही आपली खरी नावं फक्त रेशन कार्डावर भेटत. दारव्ह्यात बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर. पुढच्या खोलीत मी पिको-फॉल करते, आणि त्याच खोलीत खिडकीखाली मोठीचं मशीन होतं. ती झबली शिवायची, टोपरी शिवायची, पण तिचं खरं काम गोधडीचं. जुन्या लुगड्यांचे चौकोन कापून, जोडून, दाबून ती अशी गोधडी करायची की उलटी टाकली तरी सुलटीच वाटे. लोक शिलाईचं कौतुक करत. मोठी म्हणे, "शिलाई त कोनीबी करते. गोधडी इस्त्रीवर उभी राह्यते."

हे तत्त्व ती स्वतःपुरतं ठेवती तर बरं होतं. गावात लग्न निघालं की मुलीचा बाप कपाट, पंखा, कुकर आपल्या अकलेने घेई, पण आंदणातली इस्त्री घ्यायला मोठीला सोबत नेई, आणि मग अर्धा दिवस पस्तावे. मोठी कापडी पिशवी घेऊन दुकानात शिरायची. पिशवीत धोतराचा तुकडा, सुती लुगड्याचा तुकडा, नायलॉनचा तुकडा आणि जोडलेले दोन चौकोन. आधी ती इस्त्री नुसती हातात घेऊन बसे. हलकी लागली की लगेच परत. "हे पोरीचं खेयनं हाय. कपडा इस्त्रीनं दाबला पाह्यजे, मी कायले दाबू?" मग इस्त्री उलटी करून तळावरून अंगठ्याचं नख फिरवी, एक डोळा मिटून सुतार फळी बघतो तशी धार बघे. वाफेची चाळणीसारखी भोकं दिसली की तिचा संताप होई. "ही चायनी कोनं लावली हिच्या बुडाले? भोकाखालची जागा कोन दाबन?" टोक निमुळतं हवं, चौकोनाच्या कोपऱ्यात शिरलं पाहिजे. वायर हात पसरून मोजायची. आपोआप बंद होणारी इस्त्री एकदा तिला कोणी दाखवली, तर म्हणाली, "मी जरा उगी बसली का हे झोपनार! घरात एक झोपनारं होतं तेच लय झालं."

इस्त्री चालवण्याचेही तिचे कायदे होते. गोधडीच्या शिवणीवर इस्त्री ओढायची नाही. ठेवायची, थांबायची, उचलायची, पुढे ठेवायची. ओढली की चौकोन तिरपा होतो आणि तिरपा चौकोन पुढच्या चौकोनाला बिघडवतो. शेजारच्या मास्तरीणबाई एकदा हौसेने गोधडी जोडायला बसल्या आणि कपड्यावरून इस्त्री सरसर फिरवू लागल्या. मोठीने दारातूनच हाक मारली, "मास्तरीणबाई, इस्त्री हाय का वखर? पेरनी करता का आता?" मास्तरीणबाईंनी ती गोधडी पुढे कधी पूर्ण केली नाही.

पण तिचा सगळ्यात विचित्र प्रकार म्हणजे आच बघणं. तिच्या इस्त्रीच्या चकतीवरची अक्षरं केव्हाच पुसली होती, आणि नसती पुसली तरी तिने वाचली नसती. ती इस्त्री उलटी धरायची, तळापासून बोटभर अंतरावर तळहात आणायची, डोळे मिटायची आणि स्वतःलाच विचारायची, "कोन आलं?" मग स्वतःच उत्तर द्यायची. सगळ्यात कडक आच म्हणजे मामंजी, आमचे सासरे. धोतर, चादरी, जीन त्यांच्या वाट्याला. पाणी शिंपडलं की चर्र आवाज झाला पाहिजे, कारण मामंजी घरात यायच्या आधी त्यांचा आवाज येई. त्याखालची आच आत्याबाई, म्हणजे सासूबाई. "वरून थंड वाटते, पन डाग पडल्यावर समजते." नायलॉन नेहमी आत्याबाईंपायी जळायचं. आणि एक आच होती 'हे'. हे म्हणजे तिचे यजमान, माझे भासरे. तापायला तासभर, आणि कपडा घेऊन येईपर्यंत निवलेले. बाजारातल्या सगळ्या स्वस्त इस्त्र्या तिच्या मते ह्यांच्यासारख्या होत्या. भासरे ओट्यावर बसून हे ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "अन् मायी कोनती व?" मोठी म्हणाली, "तुमची लय भारी हाय." ते तसंच समजत समजत गेले.

कारण हाही तिचा कायदाच होता. माणसाला त्याची आच तोंडावर सांगायची नाही. माझी आच कोणती, मी खूपदा विचारलं. मला तेवढंच उत्तर मिळे, "तुले कायले पाह्यजे? सांगतलं का मानूस फुगते, नाई त रुसते. दोन्हीनं काम बिघडते."

आता आत्याबाईंचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठीला मूल झालं नाही. माझी मुलगी झाली तेव्हा मोठीने घरातल्या सगळ्या बायकांच्या मऊ लुगड्यांची गोधडी केली होती. आमच्याकडे पहिल्या लेकराच्या अंगाखाली घरातल्या बायकांचं वापरलेलं कापडच घालतात. पण आत्याबाईंचा नियम होता की मूल नसलेल्या बाईच्या हातची गोधडी पहिल्या लेकराला लावायची नाही. त्यांनी ती गोधडी घडी घालून, त्याच दुपारी, मोठीच्या डोळ्यांदेखत गोठा झाडणाऱ्या बाईला देऊन टाकली. मोठी त्या बाईला दारापर्यंत पोचवायला गेली आणि एवढंच म्हणाली, "गरम पान्यात नको टाकू, रंग जाईन." त्यानंतर दारव्ह्यातली निम्मी पोरं तिच्या गोधड्यांवर लोळून मोठी झाली. आमच्या घरातलं एकही नाही.

आत्याबाई गेल्या, मामंजी गेले, भासरे गेले. माझी मुलगी दिग्रसला दिली. आणि एक दिवस तिचा फोन आला की दिवस गेले आहेत. मी फोन ठेवते न ठेवते तोच मोठीने ट्रंक ओढली. त्यात तिने सगळ्यांची लुगडी जपून ठेवली होती. तळाशी आत्याबाईंचं जांभळं नऊवारी. ते झटकून मोठी म्हणाली, "आत्याबाईले मधात बसवतो. आता बोला म्हना."

मोठीला शुगर होती. चालताना पायातली चप्पल निघून मागे राही आणि तिला कळत नसे, हे मी पाहिलं होतं. पायाचं मला माहीत होतं. हाताचं तिने कोणाला कळू दिलं नव्हतं.

मी पिकोच्या मशीनवर होते. शिंग जळावं तसा वास आला. मला वाटलं, नायलॉन जळलं. मागे वळले तर मोठी डोळे मिटून बसलेली, इस्त्री उलटी धरलेली, आणि तळहात इस्त्रीपुढे नाही, इस्त्रीवर टेकलेला. ती वाट बघत होती.

"बाई!" मी ओरडले.

"थांब न व. अजून कोनीच नाई आलं," ती म्हणाली. "बिघडली वाटते."

मी आधी बटण बंद केलं आणि मग हात ओढला.

जखम वाळली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं, तिथे आधी एक बोट काढलं, मग शेजारचं. डॉक्टर म्हणाले, पसरलं तर हात जाईल, आता आचेजवळ जायचं नाही. मोठीने विचारलं, "गोधडी होईस्तोवर राहीन का हात?" डॉक्टर हसले. त्यांना ती गंमत वाटली. मी हसले नाही.

जीपमधून परत येताना मी सांगून टाकलं, "दाबायचं काम मी करते. तुमी डाव्या हातानं जेवढं होते तेवढं शिवा."

ती बाहेरची तूर बघत होती. मग म्हणाली, "त्या इस्त्रीनं नाई करायचं. तिच्यावर भरोसा नाई राह्यला."

इस्त्रीला काही झालं नव्हतं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही नवी इस्त्री घ्यायला गेलो.

दुकानदार चाचांनी मोठीला येताना पाहिलं की एरवी ते बाकीच्या गिऱ्हाइकांची आधीच माफी मागून घेत. त्या दिवशी त्यांनी पट्टी बांधलेला हात पाहिला आणि न विचारता खुर्ची पुढे केली. मग सवयीने वाफेची इस्त्री काढली. "बाई, ये देखो, नया माल. भाप निकलती."

"भाप चाच्या, तुमच्या चहाची निंघू द्या. हे ठेवा तिकडं."

दुसरी हलकी निघाली, तिसरीचं टोक बोथट. टेबल भरलं. चाचा घाम पुसत म्हणाले, "इस्त्री घेऊन राह्यल्या का नवरदेव पाहून राह्यल्या?"

"नवरदेव पाह्यतानी कोनं इतकं पाह्यलं असतं त माह्यं बरं नसतं झालं?"

दुकानातली माणसं हसली. शेवटी एक साधी, वजनदार, बिनभोकाची इस्त्री तिच्या मनास आली. चाचांनी ती लावून दिली. मोठीने उलटी धरून घेतली, उजवा हात वर केला, आणि पट्टी दिसल्यावर तो तसाच थांबला. दुकानात सगळे बघत होते. मग तिने इस्त्री चाचांच्या हातात दिली, डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि माझा तळहात इस्त्रीसमोर धरला.

"कोन आलं?"

"गरम हाय," मी हळू म्हणाले.

"गरम त राह्यनच. कोन आलं ते सांग."

भर दुकानात माझ्या तोंडून निघालं, "मामंजी."

चाचांनी दचकून दाराकडे पाहिलं. मोठी हसली. हात भाजल्यापासून ती पहिल्यांदा हसली आणि इस्त्री घेऊन आम्ही घरी आलो.

त्यानंतर गोधडीचं काम असं चाललं. ती डाव्या हाताने कापड सरकवून मशीन चालवी, मी दाबी. टाके वाकडे जात. तिने उसवायला सांगितलं नाही, मीही उसवले नाहीत. मध्येच ताप येई, मग ती बाजेवर पडून तिथूनच देखरेख करी. "ओढू नको व. ठेव. थांब. उचल. तुले कुठं गाडी पकडाची हाय का?" दरवेळी आच बघायचं काम माझ्या हाताचं आणि ओळखायचंही माझं. चुकले की बोलणी.

शेवटी मधला चौकोन राहिला, आत्याबाईंच्या जांभळ्या लुगड्याचा. कापड इतकं जुनं की बोट लावलं तरी विरे. मी चकती खाली आणली.

"कोन आलं?" बाजेवरून आवाज आला.

"भासरे."

"हट! हे इतक्या लौकर कधी आले होते? पुन्हा पाय."

मी पुन्हा हात धरला. "ऊब हाय, बाई. पोयत नाई. पन निवूनही नाई राह्यली. जशी हाय तशी थांबून हाय. कोनाचं नाव घेऊ?"

तिने भिंतीकडे कूस वळवली. मला वाटलं, डोळा लागला. मग म्हणाली, "लाव. लेकराच्या गोधडीले हेच लागते."

"पन हे कोन व?"

"तोंडावर सांगत नसतात म्हनलं न तुले."

मी इस्त्री ठेवली, थांबले, उचलली. कापडाला डाग पडला नाही. मग मी चौकोनाच्या कडा दाबायला घेतल्या.

गोधडी झाली. हात मात्र वाचला नाही, मनगटापासून काढावा लागला. नात झाली तेव्हा मोठी अंथरुणाला लागली होती, दिग्रसला येण्याचा प्रश्नच नव्हता. मी गेले आणि माझ्या हाताने बाळाला त्या गोधडीवर ठेवलं. नाव ठेवायला जमलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं, "कोनं शिवली?" मी सांगितलं, तिच्या मोठ्या आजीनं. कोणी बोलायला घेतलं असतं तर मी ऐकून घेणार नव्हते. घडीभरात नातीने गोधडी ओली केली, नेमकी मधल्या चौकोनावर. मी तिथूनच मोठीला फोन लावला.

"मुतली?" तिने विचारलं.

"मुतली. आत्याबाईवर."

ती म्हणाली, "झालं. आता ते गोधडी झाली." थोड्या वेळाने आठवण केली, "गरम पान्यात नको टाकू."

नातीला दात यायच्या आधी मोठी गेली. तिचं मशीन मी विकलं नाही, खिडकीखालीच आहे. त्यावर कापडं ठेवायला बरं पडतं. गोधड्यांची कामं येतात, ती मी करते. मला तिच्याइतकी जमत नाहीत, पण शिवण तिरपी जात नाही. इस्त्री तापली की चकतीकडे न बघता मी तळहात समोर धरते. मामंजी येतात, आत्याबाई येतात, भासरेही येतात, तापत तापत, उशिराने. विचारायला आता कोणी नाही.

मोठीची आच कोणती, ते मी ठरवलं आहे. पण आमच्या घरी ते सांगत नाहीत.