विहीणबाईंचे डॅफोडिल, माझे आयरिस

मुलाच्या घरासमोर, पायऱ्यांच्या उजव्या अंगाला, एक वाफा आहे. घर अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत, म्हणजे जिथे नोव्हेंबरात जमिनीचा दगड होतो आणि एप्रिलपर्यंत तो दगडच राहतो अशा ठिकाणी. त्या वाफ्यात काय लावायचं हे दोन बायका ठरवायच्या, मी आणि माझ्या विहीणबाई. आणि इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या वाफ्याशेजारी एकदाही एकत्र उभ्या राहिलो नाही. भांडण झालं म्हणून नाही, आमच्या पाळ्याच तशा होत्या.

मुलगा आणि सून दोघंही ऑफिसला जाणारे. नात झाली तेव्हा तिला सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं, आणि नंतर ती शाळेतून आल्यावर दार उघडायला, गरम पोळी वाढायला कुणीतरी हवं होतं. मग असं ठरलं की सुनेची आई फेब्रुवारीत यायची ती मेअखेर जायची, आणि मेअखेर मी यायची ती नोव्हेंबरात जायची. बर्फाचे मधले दिवस ते तिघं कसेबसे काढायचे. मुलगा हुशार. विमानतळावर एकाच फेरीत त्यांना सोडायचा आणि मला घ्यायचा. आम्ही विहिणी तिथे दारात जेमतेम पंधरा मिनिटं भेटायचो. त्या पुण्याच्या. तेवढ्या वेळात त्या मला फ्रीजमधल्या कुठल्या डब्यात काय आहे ते सांगायच्या आणि आधी कुठला संपवायचा तेही सांगायच्या. मी नागपूरला जन्मभर भूगोल शिकवलेली बाई, फ्रीज उघडायला मला त्यांच्या शिकवणीची गरज नव्हती.

सुरुवातीला सुनेनं हौसेनं ट्युलिप लावले होते. ते हरणांनी कळ्यांसकट फस्त केले. तिकडे हरणं आपल्याकडच्या गायींसारखी रस्त्यानं फिरतात आणि लोक त्यांच्याकडे कौतुकानं बघत त्यांना आपल्या बागा खाऊ देतात. मग विहीणबाईंनी डॅफोडिल सुचवले, कारण डॅफोडिलचा कांदा विषारी असतो आणि हरीण त्याला तोंड लावत नाही. ज्या फुलाला हरीणसुद्धा नाक मुरडतं ते फूल विहीणबाईंना पसंत पडावं, याचं मला नवल वाटलं नाही. मी तसं सुनेला म्हटलंही. मग मी आयरिस आणायला लावले. पुढच्या वर्षी सुनेनं मला हसत हसत निरोप दिला, "मम्मी म्हणत होती, हरीण आयरिसपण खात नाही म्हणे." मी हसले नाही.

दर सप्टेंबरात जेवणं झाल्यावर सून टॅबलेटवर कंदांच्या दुकानाची पानं उघडून माझ्यापुढे ठेवायची. "आई, तुम्ही ठरवा हं. मला यातलं काही कळत नाही." हे तिचं बोलणं अगदी खरं होतं. तिला फोटोतलं हवं असायचं, आणि फोटोत जांभळे आयरिस आणि पिवळे डॅफोडिल शेजारी शेजारी ऐन भरात डुलत असायचे. मी तिला सांगायची, अगं, तुमच्याकडे डॅफोडिल मेच्या पहिल्या पंधरवड्यात येऊन जातो आणि हे उंच आयरिस जूनशिवाय तोंड दाखवत नाहीत, दोघांना एकत्र उभं करायचं तर एकाला फ्रीजमध्ये कोंडून ठेवावं लागेल. ती म्हणायची, "पण आई, रिव्ह्यूज चांगले आहेत." गुलाबी म्हणून छापलेला डॅफोडिल तिनं एकदा असाच मागवला. तो पाणचट चहाच्या रंगाचा निघाला, असं विहीणबाईंनीच कळवलं होतं.

त्या वस्तीत सगळ्यांचंच हे. घर घेतात, मग लाकडाचा भुसा लाल रंगवून विकतात तो पोत्यांनी आणून दारात पसरतात आणि त्यात भोंग्यासारखे पिवळेजर्द डॅफोडिल कवायतीला उभे केल्यागत ओळीनं लावतात. आपल्या लोकांच्या घरी तर शेजाऱ्याकडे जे आहे तेच, फक्त एक पोतं जास्त. मे महिन्यात ओळ फुलते, फोटो निघतात, आणि पुढच्याच शनिवारी गवतकाप्या यंत्रानं त्या ओळीची पानं भुईसपाट केली जातात. मग पुढच्या वर्षी फुलं का आली नाहीत म्हणून दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायची. फूल गेल्यावर डॅफोडिलची पानं पिवळी पडून आपोआप गळेपर्यंत ठेवावी लागतात, तेवढ्यात कांदा पुढच्या वर्षाची भर करून घेतो, हे वाचायला कुणाला वेळ नाही.

पण ती पानं दिसतात फार वाईट, हेही खरं. म्हणूनच मी डॅफोडिल पुढे न लावता आयरिसच्या मधल्या फटींत लावायला लावले. डॅफोडिल लोळायला लागतो तेव्हा आयरिसची पात तरारून वर येते आणि मागचा सगळा पसारा झाकते. या दोघांची जोडी जमते ती अशी, रंगाचा त्यात काही संबंध नाही. हे मी स्वतः शोधून काढलं आणि मला त्याचा अभिमान होता.

विहीणबाईंनी त्याची वाट लावली. एका वर्षी मी विमानतळावरून आले आणि पाहते तर प्रत्येक डॅफोडिलच्या पानांची वेणी. पुण्याच्या शाळेतल्या मुलींसारख्या घट्ट, तेल लावून घातल्यासारख्या, आणि वर रबरबँड. प्रवासाचे कपडेही न बदलता मी पायरीवर बसून एकेक वेणी सोडली. ऊन पानांना लागायला हवं, वेणीत गुंडाळलेल्या पानाला ते कुठून लागणार? आणि आयरिसचं तर काय सांगावं. आयरिसचा गड्डा थेट हळकुंडासारखा दिसतो, पण त्याला पाठीवर ऊन घेत मातीच्या वर पडून राहायचं असतं. बाईंनी तो हळदीचं बेणं पुरावं तसा हातभर माती ओढून पुरून टाकलेला. काही गड्डे कुजले होते. त्या जूनमध्ये मला आयरिसची दोनच फुलं दिसली. पुढच्या वर्षीही तेच, वेण्या आणि माती. मी उकरायची, सोडायची, आणि त्या पुन्हा येऊन बांधायच्या, पुरायच्या. सुनेकडून निरोप पाठवून पाहिला. ती ऑफिसातले निरोप वेळेवर पोचवत असेल, घरातले नाही.

मला त्या वाफ्याचं इतकं का लागून राहिलं होतं तेही सांगते. सप्टेंबरात कंद मागवले की मेमध्ये माझं तिकीट येणार, हे न बोलता ठरलेलं असायचं. पुढच्या जूनची फुलं बघायला मी तिथे असणार, असा त्याचा अर्थ. नागपूरच्या घरात मी एकटी आहे. दूधवाला आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सोडले तर माझी वाट कुणी बघत नाही. मी मुलाच्या देशाला नावं ठेवायची आणि दर सप्टेंबरात तो टॅबलेट पुढे यायची वाट बघायची.

गेल्या ऑगस्टमध्ये नात कॉलेजला गेली, दुसऱ्या राज्यात. निघताना मला मिठी मारून म्हणाली, "आजी, आय विल कॉल यू." सप्टेंबर उजाडला आणि अर्धा सरला, तरी टॅबलेट काही पुढे आला नाही. शेवटी मीच विषय काढला.

"या वर्षी राहू दे ना आई," सून म्हणाली. "स्प्रिंगमध्ये घरी असणारे कोण बघायला? आम्ही दोघं तर ऑफिसला."

तिला बोलून गेल्यावरही कळलं नाही ती काय बोलली. मुलाला मात्र कळलं. तो घाईघाईनं म्हणाला, "अगं आई, तू तर कधीही येऊ शकतेस." दिवस ठरवायचा नसला की माणूस 'कधीही' म्हणतो. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि मी उठून भांडी डिशवॉशरमध्ये लावायला लागले. मी ती नेहमी चुकीची लावते म्हणून मुलगा पुन्हा लावतो. त्या दिवशी त्यानं लावली नाहीत.

चारच दिवसांनी विहीणबाईंचा फोन. एरवी आमचं बोलणं दिवाळीला आणि संक्रांतीला, तेही सून जवळ असताना. या वेळी त्यांनी थेट मलाच लावला.

"विहीणबाई, कंद मागवलेत का हो? माझं एक काम होतं. या वेळी पांढरे लावा. मधे चपटी वाटी असते, केशरी काठाची. ते सगळ्यात उशिरा येतात."

"उशिराचे कशाला?" मी विचारलं.

"मी या वेळी लेकीला सांगणार आहे, तिकीट जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं काढ. म्हणजे तुम्ही आलात की आपण दोघी असू. तुमचे आयरिस मी एकदाही पाहिलेले नाहीत. मी निघते तेव्हा नुसत्या कळ्या असतात. म्हटलं, उशिराचा डॅफोडिल थोडा तरी टिकला तर दोन्ही एकदम बघता येतील."

त्यांना काही माहीत नव्हतं. लेकीनं सांगितलंच नव्हतं. मी दुसरंच विचारलं. "तुम्ही त्या वेण्या कशाला घालता हो?"

"अहो, ती पानं लोळून तुमच्या आयरिसवर पडतात. त्यांना ऊन नको का मिळायला? म्हणून बांधून ठेवते. गड्डेही उघडे पडलेले असतात, थंडीनं मरतील म्हणून माती ओढते. सगळं करून तुमच्या फुलांचं काही खरं नाही म्हणते लेक. माझा हातच वाईट दिसतो."

मी त्यांना सांगितलं की आयरिसचा गड्डा उघडाच ठेवायचा असतो. त्या म्हणाल्या, "अस्सं. आधी सांगायचंत." मी तिकिटाबद्दल बोलले नाही. ते त्यांच्या लेकीचं काम होतं.

शनिवारी मी मुलाला म्हटलं, मला हार्डवेअरच्या दुकानात ने. तिथे शरद ऋतूत कंद टोपल्या भरभरून ठेवतात, आपल्याकडे बाजारात कांदे असतात तसे.

"पण आई, बघणार कोण?"

"तू बघ."

"मी ऑफिसला असतो गं."

"मग जाता-येता बघ."

त्यानं नेलं. टोपल्यांत सगळा पिवळ्या भोंग्यांचाच बाजार. पांढरे, चपट्या वाटीचे, एका कोपऱ्यात उरलेसुरले होते. मी दाबून दाबून घट्ट तेवढे निवडले. मुलगा शेजारी उभा राहून फोनवर बोट फिरवत होता. ऑक्टोबरच्या गार मातीत मी गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन ते आयरिसच्या फटींत लावले. आयरिसचे गड्डे पुसून उघडे केले. समोरच्या घरातला माणूस पानं उडवायचं यंत्र घेऊन आला आणि त्यानं आपली पानं आमच्या हद्दीत उडवली. मी नोव्हेंबरात नागपूरला परत आले.

फेब्रुवारीत विहीणबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, स्वच्छ आणि चढा. "या वेळी येऊ नको म्हणाली लेक. त्या दोघांना कुठे युरोपात जायचंय." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तरी लावलेत?"

"लावले."

"किती खोल?"

पुण्याचा माणूस मरताना यमाला सुद्धा हेच विचारेल. पण मी नीट सांगितलं, कांद्याच्या तिप्पट. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मेच्या शेवटी घरच्या ग्रुपवर मुलानं फोटो टाकला. गाडीच्या काचेतून काढलेला, अर्ध्या भागात कचऱ्याचा डबा. पण डब्याच्या बाजूला ते उभे होते, पांढरे, केशरी काठाचे, आयरिसच्या पातीमधून मान वर काढून. "आई, बघ, मस्त आलेत." सुनेनं बदाम टाकले. मी लिहिलं, फूल गेल्यावर पानं कापू नका, पिवळी होऊन आपोआप पडू द्या. त्याखाली विहीणबाईंनी लिहिलं, आयरिसच्या गड्ड्यांवर माती किंवा तो लाल भुसा टाकू नये, उघडे राहू द्यावेत. मुलानं दोन्हीला अंगठा दाखवला. वाचलं की नाही ते देव जाणे.

जून आला आणि अर्धा गेला. आयरिसचा फोटो काही आला नाही. मी विचारलं नाही, मागून मिळवलेला फोटो घेऊन काय चाटायचाय.

विहीणबाईंनी ग्रुपवर विचारलं.